तेरा अंडी आणि एक पासवर्ड

गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी सव्वानऊला, सत्यवान परबांच्या बंद घरातल्या कॅमेऱ्याने आपली आपण मान वळवली.

सत्यवान तेव्हा वेशीबाहेरच्या माळावर, आपल्या झोपडीच्या दारात, एका हातात कपबशी आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून तेच बघत बसले होते. कॅमेरा डावीकडे सरकला, थांबला, थोडा खाली वाकला आणि कोपऱ्यातल्या टोपलीवर स्थिर झाला. कपबशी कलंडली. चहा मांडीवर सांडला, तरी त्यांना चटका जाणवला नाही.

"अवो, काय झाला?" सावित्रीकाकू धावत बाहेर आल्या.

"घरात कोणतरी आसा," सत्यवान पुटपुटले. "म्हणजे घरात नाय. कॅमेऱ्यात आसा."

ही गोष्ट कुणाही घरमालकाला घाबरवणारीच. पण सत्यवानांच्या तोंडचं पाणी पळालं ते चोराच्या भीतीने नव्हे. चोर परवडला असता. भीती होती ती टोपलीची.

त्याचं असं आहे, की खाजणगावात दर चार वर्षांनी गाव पळतं. तीन दिवस, तीन रात्री अख्खं गाव देवाच्या हवाली करायचं आणि आपण वेशीबाहेर झोपड्या बांधून राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा. मागे जिवंत असं काही ठेवायचं नाही. चौथ्या दिवशी देवाने कौल दिला की मगच परत फिरायचं. आणि निघण्याआधी घरोघर फिरून, कुणी काही मागे ठेवलं नाही ना हे बघायचा मान परबांचा. सत्यवानांनी तो मान असा काही सांभाळला होता की काय सांगावं! गेल्या खेपेला शेजारच्या धोंडूची मांजर माळ्यावर सापडली, तेव्हा सगळ्या गावासमोर त्यांनी धोंडूला शिडी चढायला लावली होती. "देवाक फसवतंस?" असं वर विचारलंही होतं.

आणि आता त्यांच्याच माजघरात, त्या टोपलीत, तांबडी कोंबडी तेरा अंड्यांवर बसलेली होती.

एकविसावा दिवस नेमका गावपळणीच्या तिसऱ्या दिवशी आला, यात तांबडीची काय चूक? हलवली असती तर अंडी फुकट गेली असती. सावित्रीकाकूंनी दोन दिवस रदबदली केली, तिसऱ्या दिवशी काहीच न बोलता नुसतं बघितलं, आणि सत्यवान विरघळले. तांबडी मसुऱ्याला मेव्हणीकडे पाठवली, असं त्यांनी गावभर सांगितलं. तिच्यासमोर दाणापाणी ठेवलं. तिच्यावर नजर ठेवायला, चोरांचं निमित्त करून, बाजारातल्या शिवाकडून कॅमेरा आणला. हा मोबाइलवरून इकडेतिकडे वळवता येणारा कॅमेरा शिवाने गावपळणीसाठी म्हणून वाडीतल्या अकरा घरांत बसवला होता. घराच्या दाराला सत्यवानांनी तीन कुलपं घातली, फाटकाला साखळी लावली, आणि सगळ्या किल्ल्या करगोट्याला बांधल्या.

"आता देव सोडून कोण भुतूर जाता तां बघतंय," ते म्हणाले होते. तो कोण तरी तर आत जाऊन बसला होता!

इतक्यात समोरून धोंडू आला. खांद्यावर टॉवेल, हातात तांब्या, तोंडात मशेरी.

"सत्यवाना, तुमची तांबडी दिसना नाय ती?"

"मसुऱ्याक. तुका सांगितलंय मा."

"हां हां, मसुऱ्याक." धोंडूने शांतपणे चूळ भरली. "बरी आसा मा? खाता-पिता मा?"

"खाता!" सत्यवान जवळजवळ ओरडलेच.

धोंडू हसत हसत निघून गेला. सत्यवानांना दरदरून घाम फुटला. ह्या मेल्याला कळलंय. मांजराचा वचपा काढणार हा. उद्या कौलाच्या वेळी, सगळं गाव जमलेलं असताना, मोबाइल वर धरून दाखवणार. परबांचा मान गेला. गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही!

शेवटी त्यांनी पुतणीला गाठलं. अवनी पणजीला एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करायची आणि गावपळणीसाठी रजा काढून आली होती. सत्यवानांनी तिला झोपडीत घेतलं, दाराला घोंगडी लावली आणि कानात सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग काकांचा चेहरा बघून गंभीर झाली.

"काका, पासवर्ड काय आसा कॅमेऱ्याचो?"

"एक दोन तीन चार पाच सहा."

"माका वाटलाच. मी पयल्याच दिवशी तुमका सांगितलंय, तो बदला म्हणान."

"अगो, तो कंपनीन दिलेलो. कंपनीक आपल्यापेक्षा कमी अक्कल आसा?"

"कंपनी सगळ्यांका तोच देता, काका! बदलूक व्हयो म्हणानच देता. आणि आत जाऊक नंबर कोणाचो लागता?"

"माजोच. जुनो नंबर. पाण्याच्या टाकीवर रंगवलेलो आसा तो."

अवनीने कपाळाला हात लावला. सत्यवान नळपाणी योजनेचे सेक्रेटरी होते, आणि त्यांचा जुना नंबर गेली सहा वर्षं टाकीवर लाल अक्षरांत झळकत होता. म्हणजे दाराला तीन कुलपं, आणि किल्ली चव्हाट्यावर.

"आता बदलूया," ती म्हणाली. "पासवर्ड बदललो की बाकी सगळे आपोआप भायर पडतले. फक्त तुमच्या जुन्या नंबरावर ओटीपी येतलो. तो मोबाइल द्या."

सत्यवान करगोट्याच्या किल्ल्या चाचपू लागले.

"खंय आसा तो मोबाइल?"

"घराक," सत्यवान अगदी बारीक आवाजात म्हणाले. "कॅमेऱ्याक इंटरनेट लागता म्हणान शिवान तोच थंय चालू ठेवूक सांगितल्यान. टोपलीच्या बाजूक, स्टुलावर."

वेशीच्या आत पाऊल टाकायची सोय नव्हती. गुपचूप जाणं तर सत्यवानांच्या स्वप्नातही आलं नसतं. कोंबडीचं पाप पचवता पचवता त्यांची आधीच पुरेवाट झाली होती. अवनीने थोडा विचार केला.

"मेसेज इलो की त्या मोबाइलाच्या स्क्रीनवर दिसता?"

"दिसता तर! चष्म्याशिवाय वाचूक येवचो म्हणान अक्षरा मोठी करून घेतलंय."

"तां पण चुकीचाच आसा," अवनी म्हणाली, "पण आज उपेगाक येतला. आपण कॅमेऱ्यातसून वाचूया."

तिने बटण दाबलं. दोन किलोमीटरवरच्या बंद माजघरात 'टिंग' झालं आणि ते इकडे झोपडीत ऐकू आलं. सत्यवानांनी कॅमेरा स्टुलाकडे वळवला. मोबाइलची स्क्रीन उजळलेली दिसली. अवनी वाचायला पुढे वाकली, तोच कॅमेरा गर्रकन फिरून पुन्हा टोपलीवर गेला.

"काका, हलवू नकात!"

"मी खंय हलवतंय? तोच हलवता मेलो!"

सत्यवानांनी पुन्हा उजवीकडे वळवला. त्याने डावीकडे. उजवीकडे, डावीकडे. बिचारा कॅमेरा नाही म्हणणाऱ्या माणसासारखा मान हलवत राहिला. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला, तोही ओढाताणीत गेला. आता शेवटची संधी होती. त्यानंतर चोवीस तास काही करता येणार नव्हतं, आणि कौल तर उद्या सकाळी.

तिसरं 'टिंग' झालं. सत्यवानांनी देवाचं नाव घेऊन बोट दाबलं आणि धरूनच ठेवलं. स्क्रीन दिसली. सात. शून्य. चार. आणि शेवटच्या आकड्यासमोर तांबडीचं डोकं आलं.

"सर गो बाय! सर!" सावित्रीकाकूंनी हात जोडले.

आवाज तिकडे जात नव्हता, पण तांबडीने काय मनावर घेतलं कोण जाणे. ती दचकून उठली, पंख झाडले आणि बाजूला झाली. तिच्या पोटाखालून ओलंचिंब, पिवळं, बोटभर पिल्लू धडपडत बाहेर आलं.

"नऊ!" अवनी ओरडली. आकडा टाकला, नवा लांबलचक पासवर्ड लिहिला आणि बटण दाबलं. "झाला! आता तुमी सोडून कोण म्हणान कोण बघूचो नाय."

सत्यवानांनी सुटकेचा श्वास घेतला. तो पुरता बाहेरही पडला नव्हता, तोच पलीकडच्या झोपडीतून एक आरोळी आली.

"अरे, बंद पडला!"

मग त्याच्या पलीकडून. मग आंब्याखालून. मग चुली मांडल्या होत्या तिथून बायकांचा एकच गलका. "काय झाला गो?" "माजापण गेला!" "चौथा पिलू भायर येय होता मेल्यांनो!" सगळा माळ हळहळला.

घोंगडी बाजूला झाली. दारात गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या रुक्मिणीकाकू काठी टेकत उभ्या होत्या. मागे धोंडू आणि त्याच्या मागे निम्मं गाव.

"कोणी बंद केल्यान रे?" रुक्मिणीकाकू कडाडल्या. "तीन दिस आमी वाट बघतो, आणि आता पिलां भायर येवच्या टायमाक बंद करतंस?"

सत्यवानांनी एकेका चेहऱ्याकडे बघितलं. "म्हणजे... तुमी सगळे..."

"पयल्या दिवसापासून," धोंडू म्हणाला. "शिवान माजो कॅमेरो जोडलो तेव्हा दाखवल्यान, नंबर आणि हो पासवर्ड. माका वाटला, टाकीवरचो तुजो नंबर घालून बघूया, चलता काय. चल्लो. मगे काकूंका दाखवलंय, काकूंनी सगळ्यांका."

सत्यवानांनी मान खाली घातली. "चुकलंय मी. धोंडू, तुका मी मांजरासाठी नको नको तां बोललंय. उद्या कौलाक मी स्वतःच सांगतंय, ह्यो मान आता दुसऱ्या कोणाक तरी देवा."

"तां उद्या," रुक्मिणीकाकू म्हणाल्या. "आदी चालू कर."

कॅमेरा चालू झाला. एका मोबाइलभोवती तीसेक डोकी जमली. पिल्लं मोजून झाली, सात होती. सावित्रीकाकूंनी डोळे पुसले. तेवढ्यात धोंडूने सत्यवानांच्या कमरेत कोपर मारलं आणि हळूच म्हणाला, "माजो नंबर तुका म्हायती आसा मा? घालून बघ. पासवर्ड तोच."

सत्यवानांनी घातला. धोंडूचं स्वयंपाकघर दिसलं. चुलीतल्या गार राखेत, पाय ताणून, त्याची मांजर झोपली होती.

सत्यवान बघतच राहिले. मग त्यांच्या मनात जे आलं ते अवनी मोठ्याने बोलून गेली.

"म्हणजे शिवान अकराय घरांक एकच पासवर्ड दिल्यान? कोणपण कोणाच्यापण घरात बघू शकता?"

माळावर कुणी कुणाकडे बघेना. एकाने खाकरून मोबाइल खिशात घातला, दुसऱ्याने खिशातून बाहेर काढला.

दहा मिनिटांनी अवनीच्या झोपडीसमोर पासवर्ड बदलून घ्यायला रांग लागली होती. सगळ्यांत पुढे, मोबाइल पदराखाली घट्ट धरून, रुक्मिणीकाकू उभ्या होत्या.