तात्यांचा रिजर्व डोळा

आमच्या शेजारचं सुभेदार तात्या भर उन्हात एक डोळा झाकून हिंडत्यात. झाकून म्हंजे गच्च, चिमटा लावल्यागत. कोरेगावच्या बाजारात एका माळवंवालीनं "म्हाताऱ्या, डोळा कुणाला मारतुयास?" म्हणून दुधी उगारला. तात्यांनी त्यो दुधीच इकत घेतला आन् म्हणालं, "बाई, मारत न्हाई. एक ड्यूटीवर हाय, एक रिजर्वला हाय."

तात्या पलटणीत हुतं. तिथं पहाऱ्यावर ही युगत शिकलं. उजेडातनं अंधारात जायच्या आधी एक डोळा झाकायचा, आत गेलं की त्योच उघडायचा. माझ्या टकुऱ्यात कायबी शिरंना. मास्तरला बघून शाळंतनं पळालो ते मी आजून पळतोयच. मग तात्यांनी मला कळंल असं सांगितलं.

"तुझी बायकू दिसभर वरडती का न्हाई?"

"वरडती की."

"मग?"

"आता ऐकूच येत न्हाई वो."

"डोळ्याच्या पडद्याचं तसंच हाय गड्या. उन्हाचा मारा सुरू झाला की त्यो कानात बोळं घालून बसतोय. अंधार झाला तरी लगीच काढत न्हाई. बायकू माहेरी गेली की कसं, थोड्या येळानं पाल चुकचुकल्याली बी ऐकू येती?"

भितीपल्याड बायकू भाकरी थापत हुती. थापायचा आवाज थांबला. त्या सांजंला मला भाकर मिळाली, कोरड्यास न्हाई.

तरी मी करून बघितलं. दुपारी उजवा डोळा झाकून वैरण आणली आन् गोठ्यात शिरलो. पर आत गेल्यावर राखल्याला डोळा उघडायचंच इसरलो. दमल्याला डोळा घेऊन सरळ म्हशीच्या आंबोणाच्या घमेल्यात पाय. म्हशीनं मान वळवून बघितलं. तिचं दोन्ही डोळं ड्यूटीवर हुतं.

तात्यांचं हे खूळ वाढलं ते काकीचं डोळं मिरजंला दावून आणल्यापास्नं. काकी म्हंजे तात्यांची मंडळी. दिसाउजेडी ती सुई ववती, पर अंधारात तिला कायबी दिसंना झालं. डागदर काय बोललं ते तात्यांनी मला त्यांच्या भाषेत सांगितलं, "तिच्या पडद्याचं बोळं आता निघायचं न्हाईत रं."

काकीला एकच घोर. "औंधाची यमाई आता मला दिसायची न्हाई. गाभाऱ्यात अंधार, मागनं माणसांचा रेटा."

"दिसंल. चल," तात्या म्हणालं. मला बी नेलं, नारळाची पिशवी धराय.

ऊन मी म्हणत हुतं. तात्या एक डोळा झाकून, काकीचा हात धरून पायऱ्या चढलं. उतरणाऱ्या बाया हसाय लागल्या, "अगं बघ की, म्हातारा बायकूलाच डोळा मारतोय!"

काकी लाजली. "आवं, उघडा की त्यो. लोकं बघत्यात."

"बघू दे. रिजर्वला हाय."

गाभाऱ्यात मला नुसता काळोख. म्होरच्याच्या धोतरावर पाय दिला आन् शिवी खाल्ली. तात्यांनी मातर त्यो डोळा उघडला आन् काकीच्या कानाला लागलं.

"हिरवं लुगडं नेसलीया. काठ जांभळा. नथ मोठी, तुझ्या आईची हुती तसली. शेवंतीचा हार हाय, जरा डावीकडं घसारलाय."

काकीनं हात जोडलं. "हासतीया का वो?"

तात्या वाईच थांबलं. "व्हय. तुझ्याकडंच बघून."

तेवढ्यात रेटा आला आन् आमी भाईर. माझं दोन्ही डोळं धडधाकट, पर ते बोळं काढंस्तवर देवी मागं ऱ्हायली. काकी मातर भेटंल त्या बाईला सांगत हुती, "लय ग्वाड हासत हुती बघ आज."

एष्टीत बसलो, तर तात्यांचा डोळा परत बंद.

"तात्या, झालं की दर्शान! उघडा आता."

"घरात शिरायचं हाय आजून," तात्या म्हणालं. "उंबऱ्याच्या आत अंधार असतोय. अडखाळती ती."

खिडकीतनं ऊन नेमकं त्या झाकल्याल्या डोळ्यावर येत हुतं. काकीनं पदराचा शेव उचलला आन् त्या डोळ्याम्होरं धरला, कोरेगाव येस्तवर.