सोपान मिस्त्रींचं सलाईन

चैत्रात, एका बुधवारी दादा गेला. महिन्याभराने त्याच्या रोटाव्हेटरला सलाईन लागलं.

लावलं ते सोपान मिस्त्रींनी. पौडच्या अलीकडे त्यांचं पत्र्याचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या मागे जोडायच्या अवजारांत जे काही गंजून धरलेलं असेल ते सोडवायचं, एवढंच काम ते करतात. मोडलेल्याला हात लावत नाहीत. "मोडलंय ते दुसरीकडं न्या, अडकलंय ते माज्याकडं आना," असं सांगून त्यांनी कितीतरी गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत.

आमचं अडकलं होतं. ट्रॅक्टरची ताकद रोटाव्हेटरच्या माती उकरणाऱ्या पात्यांपर्यंत नेणारा शाफ्ट म्हणजे एका नळीत सरकणारी दुसरी नळी. गेल्या वर्षी दादा आजारी पडला तेव्हा रोटाव्हेटर बांधाला उभा होता, तो तिथेच राहिला. मुळशीचा अख्खा पावसाळा त्याने अंगावर घेतला. आता दोन्ही नळ्या एक झाल्या होत्या. त्या सरकल्याशिवाय रोटाव्हेटर जोडता येत नव्हता, आणि घाई होती. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या पुतण्याने वहिनीला, म्हणजे त्याच्या आईला, सांगून ठेवलं होतं, की महिनाअखेरच्या रविवारी प्लॉटिंगवाल्याला घेऊन येतो, रान पडीक असेल तर देऊन टाकू. वहिनी त्याच्याशी वाद घालत बसली नाही. मला म्हणाली, "तवर रान फिरलं पायजे, भावजी."

मी पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. दादाच्या आजारपणात गावी आलो आणि राहिलो. यंत्रांतलं मला काही कळत नाही. पण घरात रिकामा मीच होतो, म्हणून मिस्त्रींशी बोलायचं काम माझ्याकडे आलं.

मिस्त्री घरी आले. अंगणात ओढून आणलेल्या रोटाव्हेटरच्या शाफ्टवर त्यांनी पान्याने टिचकी मारली, कान लावला आणि विचारलं, "शेवटचा कवा फिरला ह्यो, मास्तर?"

"मी मास्तर नव्हतो. ग्रंथपाल होतो."

"त्येच की. कवा फिरला?"

मला माहीत नव्हतं. आतून वहिनी म्हणाली, "वटपुनवेच्या आदल्या दिवशी. वरचं खाचर निम्मं ऱ्हायलं."

"मागनं धुतला हुता?"

"धुयाला कोन हुतं?"

मिस्त्रींनी मान हलवली. मग शाफ्ट सोडवून पडवीच्या खांबाला उभा बांधला, वाशाला सलाईनची बाटली अडकवली, तिच्यात डिझेल आणि जळकं ऑइल भरलं आणि नळीचं टोक दोन नळ्यांच्या फटीवर धरलं. घड्याळ बघत चाकी फिरवली. "मिन्टाला बारा थेंब. जादा सोडलं की वरच्यावर वाहून जातंय."

"किती दिवस लागतील?"

"पटू द्या त्येला."

हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. शेजारचा वेल्डर येऊन म्हणाला, "मिस्त्री, गॅस मारतो. पाच मिन्टांत लाल करतो." मिस्त्री म्हणाले, "लाल करून काय, लगीन लावायचंय व्हय त्येचं?" रस्त्याने जाणारे थांबून विचारायचे, "कोन ॲडमिट हाय?" मिस्त्री गंभीरपणे सांगायचे, "हाय एक. भेटायची येळ संपली."

ते अकराला यायचे आणि दिवस मावळेपर्यंत त्या खांबापाशी बसायचे. थेंब आपोआप पडत होते. तरी ते बसायचे.

मला मात्र पडवीत बसवेना. तशाच बाटलीकडे बघत मी दादाच्या उशाशी सात आठवडे काढले होते. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "मिस्त्री, ती बाटली काढता येईल का?" त्यांनी कारण विचारलं नाही. खांद्यावरचा टॉवेल काढून बाटलीवर पांघरला. दुसऱ्या दिवशी येताना गोणपाटाची पिशवी शिवून आणली, बाटलीच्या मापाची, कडेला बारीक चीर ठेवलेली. चिरीतून फक्त त्यांना दिसायचं.

पिशवी यायच्या आधी एकदा ते पाणी प्यायला उठले तेव्हा मला म्हणाले, "ध्यान ठेवा. संपत आली की हाक मारा. नळीत हवा जाऊ देऊ नका."

"लोखंडात हवा गेली तर काय होतं?" मी सहज विचारलं.

मिस्त्री तांब्या धरून उभे राहिले.

"लोखंडाला काय हुतंय," ते म्हणाले. "मालकीन अंथरुनात हुती तवाची सवय हाय. दोन वर्सं."

मग पाणी न पिताच परत येऊन बसले.

गुरुवारी ऊन खांबावर आलं. मिस्त्री अजून यायचे होते. शाफ्ट तापेल म्हणून मी तो दोर सोडून सावलीत न्यायला उचलला, तर खालची नळी सरळ माझ्या हातात आली. आत ग्रीस होतं. ताजं, नीट बोटाने लावलेलं. मी ती नळी हातात घेऊन उभा असतानाच मिस्त्री आले.

"कधी सुटला?"

"सोमवारी," ते चपला बघत म्हणाले.

"मग तीन दिवस थेंब कशाला सोडत होता?"

त्यांनी बाटली काढली, उरलेलं तेल डब्यात ओतलं, नळीची गुंडाळी केली. हे सगळं फार सावकाश. मला राग आला होता. रविवार तीन दिवसांवर होता. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन बाहेर आली.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "सोमवारी ग्रीस मागितलं तवाच. म्हनलं, शनवारी धरू रान. तवर बसू दे त्यांला." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाली, "उद्या या. जोडायला मानूस लागंल."

"जोडायचं माजं काम न्हाई, वयनी."

"ठावं हाय. या."

शनिवारी शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर चालवला. मिस्त्री बांधावर बसून होते. वरचं खाचर आधी फिरवलं, पुरतं. रविवारी पुतण्या त्या माणसाला घेऊन आला, तेव्हा माती काळी, भुसभुशीत दिसत होती. वहिनीने दोघांना चहा दिला. तो माणूस बांधावरून एक फेरी मारून गेला. पुतण्या जेवायला थांबला.

आता श्रावण आहे. सव्वा एकर इंद्रायणी भात उभा आहे. सोडवायचं आमच्याकडे काही राहिलेलं नाही. मिस्त्री अकराला येतात आणि पडवीत बसतात.