रहीमभाऊ आणि ते चौघं

रहीमभाऊ गिऱ्हाईक बाईचा पंजा हलकेच दाबून बोटं एकत्र आणतात, आणि पहिली बांगडी अंगठ्याच्या सांध्यावर अडली की म्हणतात, "हात ढिला सोडा बाई. त्या गिटारवाल्यावानी ताणून नोका धरू."

बाई जुनी असेल तर गप्प बसते. नवी असेल तर विचारते, "कोन गिटारवाला जी?"

मग तिची सुटका नाही. दोन्ही हात भरून होईपर्यंत तिला सगळं ऐकावं लागतं. हा गिटारवाला कसा एकच सूर धरून बसतो, त्याच्या शेजारचा गाणारा कसा विनाकारण कळवळतो, आणि मागचे दोघं या दोघांना आवरत कसे नाहीत. पोंभुर्ण्याकडून लग्नाचा बस्ता घ्यायला आलेली एक म्हातारी हे सगळं ऐकून फार हळहळली होती. जाताना माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "बिचाऱ्याले चार भाऊबंदायनं लुबाडलं वाटते. वावराची भानगड असंल."

भानगड वावराची नव्हती. ते चौघं म्हणजे विलायतेतला एक रॉक बँड. जगभर लोक त्यांना देव मानतात. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण त्यांचे भक्त आमच्या मूल गावातही आहेत आणि माझं औषधाचं दुकान रस्त्यावर आहे.

बांगड्यांचं दुकान आणि माझं मेडिकल यांच्यात एकच भिंत. रहीमभाऊ मला 'डागदर' म्हणतात. मी फक्त गोळ्या विकतो, हे मी त्यांना सांगून थकलो. त्यांचा बांगड्यांचा धंदा आजोबांपासूनचा. घरी हिंदी, दुकानात झाडीबोली, आणि इंग्रजीचा एक शब्द येत नाही. अशा माणसाला विलायती बँडबद्दल मत कुठून आलं? ते वरून आलं. अगदी शब्दशः वरून.

दुकानाच्या माळ्यावर निकुरे सर भाड्यानं राहायचे. नागभीडकडचे, इथल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. लग्न केलं नाही. सामान म्हणून एक खाट, पुस्तकं आणि दोन भले मोठे स्पीकर घेऊन आले. माळ्याची जमीन सागाच्या फळ्यांची. कॉलेज सुटून सर घरी आले की चौघं सुरू व्हायचे आणि खाली खुंट्यांना लटकवलेल्या काचेच्या बांगड्या किणकिणायला लागायच्या.

"लोक म्हनते तुम्ही आयकता," रहीमभाऊ म्हणायचे. "मी कुठी आयकलं जी? माह्या डोक्शावर पडलं ते."

वर्षानुवर्षं पडत राहिलं, आणि रहीमभाऊंची मतं पक्की होत गेली. गाणारा ओरडायला लागला की म्हणायचे, "पोटात दुखते तं दवाखान्यात जा ना बाबा. माइकवर काऊन येते?" गिटारचा तुकडा लांबला की, "हा पाव्हणा निघतो निघतो म्हनते अन् दारातूनच हलत नाई." ज्या अल्बमला जगानं डोक्यावर घेतलं, ज्याचं नाव सर कानाच्या पाळीला हात लावून घ्यायचे, त्याबद्दल त्यांचं म्हणणं होतं, "पेटीत बांगड्या दोन, बाकी तनीस." काचेच्या बांगड्या फुटू नयेत म्हणून पेटीत धानाचं तनीस, म्हणजे वाळलेला पेंढा, भरून येतं, आणि रहीमभाऊंचा निम्मा जन्म ते उपसण्यात गेला होता.

सर दुकानाच्या पाटावर बसून हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मग भांडायचे. "अरे, तो सूर तो सोडत नाही, कारण त्याला सोडवत नाही. कळतं का तुला?" रहीमभाऊ म्हणायचे, "मले कळते. त्याले नाई कळत." चहा माझ्या दुकानातून जायचा, त्यामुळे मला दोन्ही बाजू पाठ झाल्या. भांडण संपल्याचं मी कधी पाहिलं नाही. गिऱ्हाईक आलं की थांबायचं, एवढंच.

आमच्याकडे सरांमुळे या चौघांचा एक संप्रदायच तयार झाला होता. सरांचे जुने विद्यार्थी दर रविवारी सकाळी वर जमायचे. त्यांना आम्ही 'मंडळ' म्हणायचो. पुढारी होता पंकज, एका राइस मिलवाल्याचा मुलगा. सगळे काळे टी-शर्ट घालून, डोळे मिटून, माना हलवत बसायचे. रहीमभाऊंचा चौघांपेक्षा या मंडळावर जास्त राग होता. "ह्या पोट्ट्यायले गाणं नाई आवडत, डागदर. गाणं आयकताना आपन कसे दिसतो, ते त्यायले आवडते."

एकदा मंडळानं त्या गाणाऱ्याची पुण्यतिथी केली. घरमालक म्हणून रहीमभाऊंना बोलावणं होतं, शेजारी म्हणून मलाही. टेबलावर चौघांचा फोटो, चौघांच्याही गळ्यात झेंडूचे हार, खाली अगरबत्ती. रहीमभाऊंनी टोपी सारखी केली, फोटो नीट पाहिला आणि गंभीरपणे विचारलं, "किती मेले?"

"एक," पंकज म्हणाला.

"मंग बाकीच्या तिघायले हार काऊन? त्यायले मालूम आहे का?"

कोणी हसलं नाही. फक्त सर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांचे खांदे हलताना मला दिसले. पंकजनं भाषण सुरू केलं. या चौघांच्या गाण्यात जगण्याचा अर्थ आहे, तो ज्याला सापडला तो तरला, असं काहीसं. रहीमभाऊंनी हात वर केला. "तुले सापडला का? सापडला असंल तं सांग, मीबी तरतो." पंकजला सांगता येईना. रहीमभाऊ थट्टा करत नव्हते, खरंच वाट पाहत होते, आणि तेच त्याला जास्त लागलं.

त्या उन्हाळ्यात पंकजच्या बहिणीचं लग्न होतं. त्या घरच्या बांगड्या तीन पिढ्या रहीमभाऊंकडून जायच्या. त्या साली चंद्रपूरहून आल्या. वरात दुकानासमोरून गेली तेव्हा रहीमभाऊ दारात उभे होते. मी म्हटलं, "भाऊ, एक शब्द गोड बोलले असते तर काय गेलं असतं?" वरात कोपऱ्यावर वळेपर्यंत ते पाहत राहिले. मग म्हणाले, "जे चांगलं नाई लागत त्याले चांगलं कसं म्हनू जी? उद्या तो निकुरे माह्या कोनत्या गोष्टीवर भरोसा करंल?"

पुढे सर निवृत्त झाले आणि त्यांनी नागभीड रोडवर लहानसं घर बांधलं. सामान हलवलं त्या दिवशी रहीमभाऊंनी बाजारभर सांगितलं, "सुटलो!" मला पेढाही दिला. महिनाभरात मात्र त्यांचं कशात लक्ष लागेना. हिरवा चुडा मागितला तर लाल काढायचे. माळ्यासाठी भाडेकरू यायचे. एकाला सांगायचे उंदीर आहेत, दुसऱ्याला सांगायचे छत गळते. वर उंदीर नव्हते आणि छतही गळत नव्हतं.

सर अधूनमधून बाजारात यायचे. एकदा माझ्याकडे कानात घालायचं औषध मागितलं. पुन्हा आले, पुन्हा तेच मागितलं. तिसऱ्यांदा मी किंमत सांगितली तेव्हा त्यांनी हात कानामागे नेला आणि ओशाळून हसले. मीच त्यांना चंद्रपूरला कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. कानाची नस वाळत चालली आहे, असं निघालं. मशीन बसवलं. समोर बसून कोणी मोठ्यानं बोललं तर शब्द कळायचे, पण गाण्याचं गाणं राहिलं नाही. सर मला म्हणाले, "पत्र्यावर कोणी खडे ओततंय असं वाटतं. तेच लोक, तेच गाणं."

मंडळ काही आठवडे नव्या घरी जात राहिलं. सर समोर बसायचे, पोरांचे चेहरे पाहायचे, आणि पोरांना डोळे मिटणं कठीण व्हायचं. मग सरांच्या मोबाइलवर फुलांची चित्रं येऊ लागली, शुभ सकाळ येऊ लागलं, पोरं येईनात. पंकज एकदा दुकानात आला होता, त्याला मी विचारलं. त्याचे डोळे भरले. "काय बोलू भाऊ त्यायच्याशी? मले भेव वाटते. आमच्यासमोर तेच गाणं लागलं अन् त्यायले कळलंच नाई, तं मी काय करू?" त्याला दोष द्यावासा मला वाटला नाही.

रहीमभाऊ तर सरांचं नावच काढत नव्हते. मला त्याचा राग यायचा. शुक्रवारी त्यांचं दुकान बंद असतं. नमाजानंतर ते स्कूटर काढायचे. कुठे, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "काम आहे." इतक्या वर्षांचा शेजार, पण मला वाटलं, हा माणूस नुसता भांडण्यापुरताच मित्र होता.

एका शुक्रवारी सरांच्या मशीनचे सेल आले. एरवी सर येऊन घेऊन जायचे, त्या वेळी आले नाहीत. म्हणून दुपारी मी दुकान बायकोवर सोपवलं आणि स्वतःच निघालो. घराच्या अलीकडेच आवाज कानावर आला. चौघं सुरू होते, आणि असे सुरू होते की शेजारच्या कोंबड्या कुंपणाला चिकटून बसल्या होत्या. फाटकाशी रहीमभाऊंची स्कूटर.

दार उघडंच होतं. सर खुर्चीत, मशीन काढून टेबलावर ठेवलेलं. दोन्ही तळवे त्यांनी स्पीकरच्या लाकडावर टेकवले होते आणि नजर रहीमभाऊंच्या तोंडावर. रहीमभाऊ समोर उभे, घामाघूम. एकेक शब्द ओठांनी कोरून सांगत होते, हातानं दाखवत होते. "आता गाणारा थांबला! ढोल एकटाच आहे! आला, आता आला गिटारवाला! वर चढून राह्यला... अजून वर..." आणि मग त्यांनी छातीवर हात ठेवला. "वा! काय वाजवून राह्यला, निकुरे! सोनं आहे, सोनं!"

सरांनी तळवे उचलले. हात लांब करून गाणं बंद केलं. खोली एकदम रिकामी झाली.

"काय म्हटलं तू?"

"चांगलं वाजवून राह्यला म्हटलं," रहीमभाऊ सावकाश म्हणाले.

"तुले माह्यी कीव येते?" सरांना मी कधी झाडीबोलीत बोलताना ऐकलं नव्हतं. आवाज फार मोठा लागला होता. त्यांना त्याचा अंदाज राहिला नव्हता. "बाकीचे येत नाईत, नोका येऊ. पन तू येऊन माह्याशी खोटं बोलत असशील तं तूबी नोको येऊ. तुह्या तोंडून तारीफ ऐकाले बहिरा झालो का मी?"

रहीमभाऊ एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले.

"शिव्या दे त्यायले," सर म्हणाले. "देत होता तशा दे. त्याच्याशिवाय मले गाणं दिसत नाई."

सरांनी गाणं पुन्हा लावलं आणि तळवे लाकडावर टेकवले. रहीमभाऊंनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "ह्या गाणाऱ्याले कोनीतरी पानी द्या! घसा सुकला बेट्याचा, तरी वरडून राह्यला! अन् गिटारवाला पाहा, सायकल शिकून राह्यला वाटते, ब्रेक कुठी आहे तेच मालूम नाई!"

"ब्रेक नाहीच लावायचा तिथं!" सर ओरडले. "मूर्खा, तीच तर जागा आहे ती!"

"जागा कायची जी, खड्डा आहे खड्डा!"

सर हसत होते. गालावरून पाणी ओघळत होतं आणि हात लाकडावरून उचलायचे नव्हते म्हणून ते पुसतही नव्हते. मी सेल टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवले आणि बाहेर आलो.

फाटक लावत होतो तेवढ्यात मागून रहीमभाऊ आले. मला वाटलं, इथे आल्याचं बाजारात सांगू नका म्हणतील. ते स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. आतून गाणं चालूच होतं.

"डागदर, मी खोटं नोतो बोलून राह्यलो."

मला आधी कळलं नाही.

"त्याले सांगा लागते म्हनून मले आयका लागते. पह्यले कधी आयकलं होतं मी? आता आयकतो. तो गिटारवाला आज..." त्यांनी हातातल्या रुमालाची उगाच घडी केली, पुन्हा उलगडली. "खरंच सोनं वाजवून राह्यला होता जी. पन आता कोनाले सांगू?"

मी म्हटलं, "मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, क्षणभर विचार केला आणि मान हलवली. "तुमाले काय कळते त्यातलं?"

आतून सरांची हाक आली, गल्लीभर ऐकू जाईल अशी. "रहीम! कुठी गेला बे? गिटारवाला येऊन राह्यला!"

"आलो!" रहीमभाऊ ओरडले, सरांना ऐकू येणार नाही हे माहीत असून. मग त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला, आठ्या पुन्हा नीट बसवल्या आणि आत गेले.