वांग्यांवरचा मावा आणि लाल बंब

"अगं, लवकर ये! वांग्यांवर फौज उतरलीय!"

घड्याळजींची ही आरोळी परसातून आली, तेव्हा त्यांची बायको पुढच्या खोलीत गाण्याच्या वर्गासाठी सतरंजी अंथरत होती. ती जागची हलली नाही. मागे अशाच एका आरोळीला ती पदर खोचून धावली होती, तर काकडीच्या वेलाने काठीला पहिला वेढा मारला होता. त्यानंतरच्या आरोळीला टोमॅटोच्या गालावर जरासा लालसरपणा आला होता.

"अहो, सगळे आत्ता येतील शिकायला," ती तिथूनच म्हणाली. "फौजेला म्हणावं थांब जरा."

पण या खेपेला खरंच फौज होती, माव्याच्या किड्यांची. घड्याळजींचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान. आठवडाभर डोळ्यात भिंग खोचून ते तिळाएवढे स्क्रू फिरवत बसायचे आणि सुटीच्या दिवशी तेच भिंग घेऊन परसात शिरायचे. साध्या डोळ्याला पानामागे हिरवट पूड सांडल्यासारखी दिसली असती, तेवढंच. भिंगातून मात्र एकेक मावा गलेलठ्ठ, काचेच्या पोटाचा, सोंड खुपसून आरामात रस पीत बसलेला दिसत होता. एका मादीला तर त्यांच्या डोळ्यांदेखत पिल्लू झालं.

त्यात नेमकी आज दुपारी जेवायला ताई येणार होती. ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. तिची स्वतःची रोपवाटिका होती आणि जिभेला हाड नव्हतं. "बाळ्या, तुझ्या हातात दगड दिला तरी वाळेल," हे तिचं ठरलेलं वाक्य. या वर्षी पहिल्यांदाच परस हिरवंगार झालं होतं, आणि घड्याळजींनी फोनवर इतक्या बढाया मारल्या होत्या की ताई म्हणाली होती, "येतेच बघायला. आणि बघीन ते पानं उलटून बघीन."

पानं उलटूनच तर बघायची नव्हती!

त्यांनी मोबाइल काढला. एक टोपीवाला गृहस्थ व्हिडिओत हसत हसत सांगत होता, की मूठभर लसूण आणि मूठभर मिरच्या वाटून पाण्यात उकळा, गाळा, भरपूर पाणी घालून फवारा. घड्याळजींना ते फारच गुळमुळीत वाटलं. "एवढ्या फौजेला मूठभर?" असं म्हणत त्यांनी डब्यातल्या सगळ्या सुक्या मिरच्या पातेल्यात लोटल्या, लसणाची अख्खी टोपली मागोमाग ओतली, वर पाणी घालून दोन्ही हातांनी कालवलं आणि पातेलं गॅसवर चढवलं. वाऱ्याने ज्योत हलत होती म्हणून खिडकी लावून घेतली. घरभर वास जाऊ नये, एवढीही अक्कल त्यांनी दाखवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. दार फक्त खालून चांगलं बोटभर उघडं राहत असे.

मग 'तोवर शत्रूची पाहणी करू' म्हणून ते परसात गेले.

जगाला वेळ सांगणाऱ्या माणसाला भिंग डोळ्याला लागलं की वेळेचं भान राहत नसे. वांग्यांवरून ते घेवड्यावर गेले, घेवड्यावरून टोमॅटोवर. "या! या! अजून घटकाभर जिवाची चैन करून घ्या," असं ते प्रत्येक पानाला बजावत होते. तिकडे पातेल्यातलं पाणी आटलं, लसूण तळाला लागला आणि मिरच्यांनी पेट घेतला नाही, पण पेट घेण्यापूर्वी मिरची जे करते ते सगळं केलं.

पुढच्या खोलीत वर्ग ऐन रंगात होता. बायकोने हात उंचावून सगळ्यांना वरचा सूर धरायला लावला होता. "लांबवा... अजून लांबवा... श्वास तोडायचा नाही!" शिकणाऱ्यांनी तो न तोडलेला श्वास संपवला आणि नवीन छाती भरून घेतला. तेवढ्यात दाराखालून ठसका आत आला.

पहिल्यांदा एक बँकवाले खोकले. बायकोने त्यांच्याकडे डोळे वटारले. मग दोघी मैत्रिणी एकदम खोकल्या, तालात. मग बायको "सूर सोडू न—" एवढंच म्हणू शकली आणि पुढचं वाक्य तिच्या घशातच राहिलं ते राहिलंच. क्षणात सगळा वर्ग खोकत, शिंकत, डोळे पुसत रस्त्यावर आला.

तो गोंधळ ऐकून घड्याळजींच्या डोळ्यातलं भिंग खाली पडलं. त्यांनी ते उचललं आणि पुन्हा डोळ्यात घट्ट खोचलं. ज्या बोटांनी मिरच्या कालवल्या होत्या, त्याच बोटांनी.

"आई गं! मेलो! जळालो!"

कुंपणापलीकडे सायरनकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांना हे नाव गल्लीने आवाजावरून दिलं होतं. त्यांनी पाहिलं, की खिडकीच्या फटीतून धूर येतोय, रस्त्यावर माणसं रडतायत आणि घड्याळजी एक डोळा धरून वांग्यांच्या वाफ्यात उड्या मारत "जळालो" म्हणतायत. यापेक्षा जास्त पुरावा कुणाला हवा असतो?

"अहो बंबवाले!" काकू फोनमध्ये ओरडल्या. खरं तर त्यांना फोनची गरज नव्हती. "लवकर या! घर पेटलंय! घड्याळजी पेटलेत! माणसं रस्त्यावर आक्रोश करतायत!"

बंबाचं ठाणं पलीकडच्याच रस्त्यावर होतं. बायकोने ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून आत जाऊन गॅस बंद करेपर्यंत लाल बंब दारात येऊन उभा राहिलासुद्धा. घराच्या बाजूच्या बोळातून पाइप सरसर उलगडत परसात आला. पाइप धरणारा गडी चांगला दणकट होता आणि किती दिवसांनी त्याला खरीखुरी आग मिळाली होती, कोण जाणे. त्याचे डोळे आनंदाने चमकत होते.

"आग कुठंय?" मागून बंबाच्या साहेबांनी विचारलं.

"इथे, इथे!" घड्याळजींनी डोळ्याकडे बोट दाखवलं.

नेमकी त्याच वेळी बायको मागच्या दारातून बाहेर आली. हातात ते काळंठिक्कर पातेलं, त्यातून भसाभसा धूर. गड्याला आणखी काय पाहिजे? "आग!" म्हणून त्याने पाणी सोडलं. बायकोने हातातलं पातेलं भिरकावलं आणि दार लावून घेतलं. पातेलं गडगडत गेलं ते थेट वांग्यांत.

आणि पाण्याचा लोट गेला पातेल्यामागे.

पातेलं वांग्यांतून उडालं, घेवड्यात पडलं. लोट घेवड्यात. तिथून ठणठणत टोमॅटोत. लोट टोमॅटोत. मागच्या भिंतीवर आपटून पाणी उलटं फिरत होतं आणि पानांना खालून फटकारत होतं. "अरे माझी वांगी! माझी वांगी!" करत घड्याळजी दोन्ही हात पसरून मध्ये धावले आणि लोट त्यांच्या तोंडावर बसला. ते चिखलात बसकण मारून पडले. सगळ्यांना वाटलं, आता हा माणूस शिव्या देणार.

"थोडं वर," घड्याळजी सुखाने म्हणाले. "डाव्या डोळ्यावर घ्या. हां... वा!"

अखेर साहेबांनी पाणी बंद करवलं, आत जाऊन स्वयंपाकघर पाहिलं आणि शिंकत शिंकत बाहेर आले.

"आग नाही इथं."

"मग काय होतं ते?" गड्याने हिरमुसून विचारलं.

"फोडणी," साहेब म्हणाले आणि नाक पुसत निघून गेले.

घड्याळजी परसाकडे बघत उभे राहिले. वांगी वाकली होती, घेवडा काठीवरून सुटून लोंबत होता, सगळीकडे गुडघाभर चिखल. इतक्या दिवसांची माया एका सकाळी धुऊन निघाली होती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या खेपेला मिरचीने नव्हे. अंगावरचे कपडे बदलण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं, तोच पुढचं दार वाजलं.

ताई सरळ परसात आली. तिने एकवार चिखलाकडे पाहिलं, एकवार निथळणाऱ्या भावाकडे. मग साडी सावरून वाफ्यात उतरली आणि वांग्याचं पान उलटलं. दुसरं उलटलं. घेवड्याची पानं उलटली, टोमॅटोची उलटली. घड्याळजींनी मान खाली घातली.

"बाळ्या," ताई म्हणाली, "मावा होता ना रे इथं? पानं आकसलीत त्यावरून कळतं."

"होता," घड्याळजी पुटपुटले.

"आता औषधालासुद्धा नाही. काय मारलंस?"

"प... पाणी."

"जोरात? खालून?"

"फारच जोरात, ताई."

ताई पाठ धरत उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे घड्याळजींनी जन्मात पाहिलं नव्हतं. "शहाणा झालास की रे! लोक नाही नाही ते उकळून घालतात झाडांना. माव्याला पाण्याचा सणसणीत मारा, हाच खरा पहिला इलाज. पडला की परत चढायला त्याला जड जातं. रोपं वाकलीत, ती दोन दिवसांत उभी राहतील. पण हे तुला सुचलं कसं?"

घड्याळजींनी घाबरून बायकोकडे पाहिलं. बायकोने तोंड उघडलं. बोलायला तिच्याकडे पुष्कळ होतं, पण घशातून नुसती फुसफुस बाहेर आली. तिने हात जोडले आणि ती आत गेली. आतून काही वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

"सुचलं असंच," घड्याळजी म्हणाले. शाबासकी अंगाला इतकी नवी होती, की ती कशी घ्यायची हेच त्यांना कळेना. ते उगाच एका टोमॅटोला कुरवाळत राहिले.

"मग असं कर," ताई म्हणाली. "माझ्या रोपवाटिकेत यंदा माव्याने नुसता उच्छाद मांडलाय. उद्या ये तिकडे. आणि तो तुझा पंप, कुठला असेल तो, घेऊन ये बरोबर."

खरं सांगायची हीच वेळ होती. घड्याळजींनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा बोळातून, मघाशी बंब उभा होता त्या रस्त्याकडे. मोठ्या बहिणीला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती, आणि तिच्याकडून कौतुक ऐकायची तर त्याहून नव्हती.

"येतो," ते म्हणाले. "फक्त फाटक जरा मोठं उघडून ठेव."