दहापैकी दोन

महिन्याभरात दहा किलो उतरवायचे आणि घरी, कारखान्यात, कुणाला पत्ताही लागू द्यायचा नाही, असा माझा बेत होता. बेत इतका पक्का, की कारखान्यात घालायचा कोट दोन मापं लहान आधीच शिवायला टाकला होता!

वजन वाढायचं कारण सांगते. मी बिस्किटं खाते. पगार घेऊन! बिस्किटांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मी चाखणारी आहे. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक घाण्यातलं एक बिस्किट माझ्या टेबलावर येतं. मी ते चावते आणि तक्त्यात आकडे भरते. रंग, कुरकुरीतपणा, गोडी, आणि शेवटचा रकाना 'मजा', दहापैकी. मजा सातच्या खाली गेली की तो घाणा दाराबाहेर जात नाही. संध्याकाळी घरी गेलं की हे हातात पळी घेऊन उभे. निवृत्त झालेले पोस्टमास्तर बागकाम करतात, आमचे हे सुपात शिरले. दिवसभर बिस्किटं, संध्याकाळी सूप. जिना चढताना मी दर पायरीला देवाला वेगळी हाक मारत होते.

शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी समजावून सांगितलं. "खाताना मेंदूत एक रसायन सुटतं. अफूच्या जातीचं, पण घरचंच. ते जाऊन दार वाजवतं आणि आतून 'वा!' असं येतं. ही गोळी त्या दाराला कडी घालते. भूक लागेल, पोटापुरतं खाल, पण वा! नाही, म्हणून आणखी एक घ्यावंसं वाटणार नाही."

"सगळ्यांना असंच होतं?"

"नाही. कुणाला पुष्कळ, कुणाला काहीच नाही. सुरुवातीला मळमळेल. काम काय करता?"

आता बिस्किटं खाते असं सांगितलं असतं तर तो माणूस हसला असता की नाही? मी ताठ बसले. "तपासणी खात्यात आहे."

"मग काही अडचण नाही," म्हणाले, आणि चिठ्ठी लिहून दिली.

ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर, "म्हणजे माझ्या सुपानं तू जाड झालीस?" म्हणून आठवडाभर भिंतीकडे तोंड करून जेवले असते.

पहिले तीन दिवस नुसती मळमळ. पाचव्या दिवशी पहिल्या घाण्याचं बिस्किट चावलं. लोणी होतं, साखर होती, कुरकुरीतपणा होता. सगळं जागच्या जागी, पण घरात माणूस नसावा तसं! दुसरं चावलं. तेच. गोळी कामाला लागली होती, आणि तीही माझ्या कामाच्या तासांत. मला लाज वाटली, पण तक्त्यात खोटं कसं लिहायचं? मजेच्या रकान्यात मी लिहिलं, दोन.

दहा मिनिटांत भट्टीमामा धावत आले. हे आमचे भट्टीवरचे मुख्य. एकतीस वर्षं भट्टीसमोर उभं राहून त्यांच्या भुवयासुद्धा खरपूस झाल्या आहेत.

"ताई, काय चुकलं?"

"काही नाही चुकलं, मामा."

"मग दोन का?"

"काहीतरी... नाहीये."

"काय नाहीये?"

"तेच कळत नाहीये!"

मामांनी लोणी बदललं. दोन. साखर वाढवली. दोन. पीठ दुसऱ्या गिरणीचं आणलं. मी जीव तोडून चावलं, डोळे मिटून चावलं, उभं राहून चावलं. अडीच! मॅनेजरसाहेब खाली आले. त्यांनी स्वतः एक बिस्किट खाल्लं आणि माझ्या तोंडाकडे बघत बघत चावायला लागले.

"मॅडम म्हणतात ते खरं आहे," शेवटी ते म्हणाले. "काहीतरी हरवलंय."

हरवलं होतं माझं, शोधायला लागला सगळा कारखाना! पॅकिंगच्या बायकांनाही बिस्किट फिकं लागायला लागलं. चौकीदारानं चहात बुडवायचं सोडलं. चार टन माल गोदामात अडकला.

आणि घरी? घरी मी अर्धा वाडगा सूप तसंच बाजूला सरकवलं.

"मीठ कमी आहे का?" ह्यांनी विचारलं.

"नाही हो."

"जास्त?"

"नाही. ठीक आहे."

ठीक आहे! सत्तावीस वर्षांच्या संसारात मी ह्यांच्या पदार्थाला पहिल्यांदा 'ठीक' म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुपात लोणी दुप्पट. तिसऱ्या दिवशी वर मलई. मी दोन चमचे घ्यायचे, हे माझ्या घशाकडे बघत बसायचे, आणि मग उरलेलं मुकाट्यानं स्वतः संपवायचे.

खरं सांगू? ते दिवस वाईट होते. उपाशी राहणं परवडलं. उपाशी माणूस निदान जेवणाची वाट तरी बघतो! मला सकाळी उठून कशाचीच वाट बघावीशी वाटत नव्हती. तोंड चालत होतं, पोट भरत होतं, आणि मी गिऱ्हाईक नसलेल्या दुकानासारखी दिवसभर उघडी होते.

सोळाव्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. एकतीस वर्षांचं जुनं बिस्किट बंद करून तिप्पट साखरेचं नवं काढायचं ठरलं होतं. त्या नव्यालाही मी तीन दिले होते, हा भाग वेगळा. भट्टीमामा पुढे आले. गळ्यातला एप्रन काढून त्यांनी नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

"साहेब, बिस्किटात काही नाही. माझा हातच गेला. एकोणीस वर्षं ताईंची जीभ कधी चुकली नाही. मला मोकळं करा."

आता मला राहवेना. "मामा, तो एप्रन घाला!" मी ओरडले. "तुमचा हात आहे तिथेच आहे. माझंच डोकं बंद आहे! मी गोळी घेऊन बंद केलंय!"

मग सगळं सांगितलं. दार, कडी, वा!, सगळं. साहेब खुर्चीत बसले.

"म्हणजे चार टन..." ते म्हणाले.

"चांगली आहेत," मी म्हणाले. "असतील."

मामा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस मला भट्टीत घालणार. पण त्यांनी गोदामातलं एक बिस्किट उचललं, सावकाश चावलं आणि तिथेच रडायला लागले. "चांगलंय हो," म्हणाले. "चांगलंच होतं!"

डॉक्टरांना फोन केला, तर ते फोनमधून बाहेर यायचे बाकी राहिले. "तुम्ही चाखता? चाखता? अहो, बाई, मी विचारलं होतं ना!" गोळी बंद करा, दोन-तीन दिवसांत असर जाईल, म्हणाले. उतरलेलं वजन मोजलं. सव्वा किलो. मला पॅकिंगमध्ये पाठवलं. तिथे मी वजन तपासते. पुड्यांचं.

ह्यांना मात्र सांगायचा धीर होईना. तिसऱ्या संध्याकाळी घरी आले तर हे टेबलाशी बसलेले, समोर गोळ्यांची पट्टी. इस्त्रीला टाकायच्या कोटाच्या खिशात सापडली होती, आणि हे ती घेऊन औषधवाल्याकडे जाऊन आले होते.

माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "कधीपासून पितेस?"

"काय?"

"औषधवाला म्हणाला, ही दारू सोडवायला देतात. मी रागावलो नाहीये. आपण दोघं मिळून सोडवू."

त्या माणसानं घरातली व्हिनेगरची बाटलीसुद्धा मोरीत ओतली होती!

मग सगळं सांगितलं. सुपाचंही. हे डोळे पुसेपर्यंत हसले, उठले आणि वाफाळता वाडगा माझ्यासमोर ठेवला. भोपळ्याचं. मी घाबरत घाबरत एक चमचा तोंडात घातला आणि आतून, अगदी आतून, आवाज आला. वा! मी तीन वाडगे संपवले. रडत रडत संपवले. "अहो, जगात असा हात नाही!" मी म्हणाले. "दहापैकी दहा! लोणी, मिरपूड, सगळं कसं नेमकं! आजवरचं तुमचं सगळ्यात चांगलं सूप!"

ह्यांनी रिकामा वाडगा उचलला.

"डब्यातलं आहे," म्हणाले. "कोपऱ्यावरच्या दुकानातलं. आठवडा झाला मला स्वयंपाक सोडून."