ऑस्ट्रेलियाची रंगीत तालीम

पोळीचा तुकडा मोडता मोडता मी बोलून गेलो की यंदा दिवाळीत आपण सगळे ऑस्ट्रेलियाला जाऊ. खरं तर मला फक्त विषय बदलायचा होता. पानात दोडका होता, आणि तो मी का खात नाही यावर चर्चा सुरू व्हायच्या बेतात होती. दोडका टाळण्यासाठी माणसाने फार तर नागपूरचं नाव घ्यावं. मी थेट समुद्र ओलांडला.

दुर्वा, म्हणजे आमची सातवीतली कन्या, जेवता जेवता थांबली. दुसरीतल्या वेदांगने कांगारू चावतो का ते विचारून घेतलं.  यामिनी उठली, आत जाऊन आली आणि माझ्या पोळीवर न मागता तुपाची धार धरली. इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढं कळतं की न मागता तूप आलं म्हणजे आता माघार नाही.

त्याला कारणही होतं. तिचा धाकटा भाऊ सुमेध कित्येक वर्षांपासून तिकडे ॲडलेडला असतो. दर भाऊबीजेला ती पाटावर मोबाइल उभा करते आणि सुमेधला ओवाळते. एकदा निरांजन जरा जास्त जवळ गेलं आणि मोबाइलच्या कव्हराला भोक पडलं. सुमेध तिकडे हसत होता, ही इकडे पदराने फोन पुसत होती. फोन पुसून झाल्यावर तोच पदर तिने डोळ्यांनाही लावला होता. ते मी पाहिलं होतं, म्हणून तुपाची धार पडल्यावर 'मी गंमत करत होतो' असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

सुमेधला बातमी कळली आणि तो नाचायचाच बाकी राहिला. त्याने बेत सांगितला. एक मोटरहोम भाड्याने घ्यायची. म्हणजे चालतं घरच. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी. चालवणार तो, बसणार आम्ही, आणि ॲडलेडहून समुद्राच्या काठाकाठाने पर्थपर्यंत जायचं. मी नकाशावर बोट ठेवून अंतर मोजलं. ते एक बोटभरच निघालं. मी म्हणालो, हे तर आपल्या जबलपूर-कटनीसारखंच आहे. दुर्वाने फोनमध्ये डोकावून सांगितलं की पापा, जबलपूरहून कन्याकुमारीला पोचलो तरी यापेक्षा कमीच होईल. (हल्लीच्या मुलांना वडिलांचा मान ठेवायला शाळेत शिकवत नाहीत.)

इथे यामिनीच्या मनात शंका आली.

"अहो, मागे इथल्या इथे भेडाघाटला जाऊन येईपर्यंत तुम्ही दोन्ही पोरांशी अबोला धरला होता," ती म्हणाली. "तिकडे इतके दिवस एका गाडीत कसे राहाल? त्यापेक्षा मी आणि पोरंच जातो. सुमेधला सोमवारपर्यंत गाडीचं सांगायचं आहे."

हा घाव वर्मी लागला. मी खमरियाच्या सरकारी कारखान्यात ऑफिसात कामाला आहे. आमच्याकडे कुठलाही माल चाचणी झाल्याशिवाय फाटकाबाहेर जात नाही. मी छाती पुढे काढून म्हणालो की माझीही चाचणी घ्या. शनिवार-रविवार आपण चौघे एका गाडीत राहू. रंगीत तालीम करू. भांडण झालं तर मी घरी थांबेन आणि रोज दोडका खाईन.

गाडी दिली विक्कीने. हा माझा लहानपणचा मित्र. याच्या व्हॅन शाळेच्या मुलांची ने-आण करतात, आणि तीही यामिनी शिकवते त्याच शाळेच्या. त्याने सगळ्यात जुनी पिवळी व्हॅन आमच्या दारात आणून उभी केली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत परत दे म्हणाला. माझा विचार बरगीच्या धरणापर्यंत जायचा होता. यामिनीने गाडीभोवती एक चक्कर मारली, एक चाक चपलेने दाबून पाहिलं आणि ऑस्ट्रेलिया आपल्या क्वार्टरसमोरच होईल असा निर्णय दिला.

दोन बाकांवर फळ्या टाकून वर गादी घातली. ड्रायव्हरच्या पाठीमागे जुन्या साडीचा पडदा लावला. आंघोळ आणि संडास यांपुरतं घर हे कॅम्पचं सार्वजनिक स्नानगृह मानायचं, बाकी घरात पाऊल टाकायचं नाही, असा नियम मी केला. चपला गाडीबाहेर काढायच्या, हा यामिनीने. मी कांगारू छापलेली नवी बर्म्युडा चढवली आणि ऑस्ट्रेलिया सुरू झालं.

आणि सांगतो, फार छान सुरू झालं. गाडीच्या बाजूला छोट्या शेगडीवर खिचडी झाली. वेदांगने खिडकीतून कारखान्याच्या कुत्र्याला कांगारू समजायचं ठरवलं, आणि कुत्र्यानेही मनावर घेतलं नाही. दुर्वाने फोन बाजूला ठेवून मला पत्त्यांत हरवलं. (मी मुद्दाम हरलो, असं मी सगळ्यांना सांगितलंय.) यामिनी इतकी हसत होती की मला वाटलं, हे आधीच का नाही सुचलं आपल्याला.

रविवारी सकाळी शेजारच्या अनसूया काकू फुलं तोडायला बाहेर आल्या. आदल्या दिवशी आमच्या गाद्या आणि भांडी बाहेर जाताना त्यांनी पाहिलीच होती. आता त्यांनी पाहिलं, की मी बनियनवर व्हॅनपाशी दात घासतोय आणि व्हॅनपासून विजेच्या खांबापर्यंत दोरीवर आमचे कपडे वाळताहेत. त्यांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी वेदांगला विचारलं.

वेदांगने त्याच्या नेहमीच्या अर्ध्या मराठीत खरं तेच सांगितलं. "काकू, अब हम इसीमें रहते हैं. घरात जायला मना आहे."

काकूंनी परडी तिथेच ठेवली. त्यांनी लगेच साखर घातलेलं दूध आणून पोरांना पाजलं. दुपारपर्यंत सगळ्या कॉलनीत झालं की कारखान्याने मुरलीधरचं, म्हणजे माझं, क्वार्टर काढून घेतलं. कुणी पोळ्या आणल्या, कुणी छोले. समोरच्या एका ताईंनी लोणच्याची बरणी दिली आणि मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला. मी प्रत्येकाला समजावत होतो की ही ऑस्ट्रेलियाची तयारी आहे. लोक मान हलवायचे आणि जास्तच हळू आवाजात बोलायचे.

मग आमच्या युनियनचे शांताराम आले. सोबत त्यांच्या पत्नी. शांतारामांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, युनियन पाठीशी आहे म्हणाले, आणि नोटीस केव्हा मिळाली ते विचारलं. मी त्यांना मोटरहोम, ॲडलेड, पर्थ असं सगळं पहिल्यापासून सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. त्यांची नजर माझ्या बर्म्युडावरच्या कांगारूंवरून फिरत होती. शेवटी पत्नीकडे वळून ते हळूच म्हणाले, "सदमा लगा है बेचारे को."

संध्याकाळी स्कूटरवरून बापू आले. बापू म्हणजे माझे सासरे, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. सिविल लाइंसकडे एकटेच राहतात. त्यांना कुणीतरी फोन केला होता. पण त्याहून वाईट हे की त्यांनी निघण्याआधी सुमेधला फोन केला होता. या लोकांना इतक्यात बोलावू नकोस, आधी त्यांच्या डोक्यावर छप्पर येऊ दे, असं सांगून ते आले होते.

त्यांनी व्हॅनकडे पाहिलं, दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मुरलीधरराव, माझ्या घरी दोन खोल्या रिकाम्या आहेत," ते म्हणाले. "जावयाने असं रस्त्यावर राहायचं म्हणजे मी जिवंत काहून आहो मग?"

 यामिनी कसनुशी झाली. तिने बापूंना सगळी हकीकत सांगितली. त्यांना ती पटली की नाही कळलं नाही, पण पोरांना आजच्या दिवस घेऊन चल, एवढाच त्यांनी हेका धरला. यामिनीने मलाही चला म्हटलं. तालीम झाली, पोरं खूश आहेत, मी पण खूश आहे, असं ती म्हणाली.

शहाणा माणूस तिथेच चपला घालून निघाला असता. पण आजवर मला शहाणा कुणी म्हटलेलं नाही. मी म्हणालो, रविवारची रात्र ठरली होती, ती मी पूर्ण करणार. चाचणी अर्धवट सोडायची आमच्याकडे पद्धत नाही.

"काहून उगाच हट्ट करून राहिले?" यामिनी म्हणाली. मी गादी झटकायला घेतली. मग ती घराला कुलूप लावून, पोरांना घेऊन रिक्षाने बापूंकडे गेली. किल्लीही तिच्यासोबत गेली. माझा फोन आत चार्जिंगला लावलेला आहे, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा स्कूटर आणि रिक्षा दोन्ही वळणाच्या पलीकडे गेल्या होत्या. विक्कीला गाडी संध्याकाळी द्यायची होती, तेही आठवलं. पण म्हटलं, त्याला गरज असेल तर फोन करेलच. (तो करत होता. फोन कुलपाच्या आत वाजत होता.)

सकाळी मला ऑस्ट्रेलियाचं स्वप्न पडलं. लांबच लांब रस्ता, गाडी मस्त डुलतेय, आणि पुढे सुमेध गाडी चालवतोय. मग सुमेधने भोजपुरी गाणं लावलं. मी डोळे उघडले. गाडी खरोखर डुलत होती.

मी पडदा सरकवून विचारलं की कोण आहे. पुढच्या माणसाने करकचून ब्रेक मारला आणि मागे न बघता बजरंगबलीचं नाव घेतलं. तो विक्कीचा नवा ड्रायव्हर होता. कालपासून मी फोन उचलत नाही म्हणून विक्कीने त्याला दुसरी किल्ली देऊन पाठवलं होतं. मी त्याला गाडी मागे घे म्हणालो. तो म्हणाला, आता रिछाईत बच्चे उभे आहेत, शाळेचं फाटक बंद होईल, तुम्ही उतरा हवं तर. मी खाली पाहिलं. माझ्या चपला यामिनीच्या नियमाप्रमाणे क्वार्टरसमोर रस्त्यावर होत्या. खिशात काही नव्हतं, कारण बनियनला खिसा नसतो. मी गाडीतच बसलो.

पहिल्या थांब्यावर एका बाईंनी दार सरकवलं आणि झोपाळलेला मुलगा सरळ माझ्या हातात दिला.

"भैया, इसकी बोतल देखना, रोज छोड़ आता है."

मी बाटली घेतली. दुसरं काय करणार? पुढच्या थांब्यावर दोन मुली आल्या, मग तीन भावंडं आली. गादी गुंडाळून मी फळ्या काढल्या आणि सगळ्यांना ओळीने बसवलं. खिडकीवरून भांडण पेटलं ते मिटवलं. एक जण रडत होता, त्याला बर्म्युडावरचे कांगारू मोजायला लावले. मग सगळ्यांनीच ते मोजायला घेतले. मला हलताही येईना. पण सांगतो, शाळा येईपर्यंत गाडीत कुणी रडलं नाही, आणि मी कुणाशी अबोला धरला नाही.

शाळेच्या फाटकावर त्या आठवड्यात ड्यूटी होती यामिनीची. ती इस्त्रीच्या साडीत उभी होती, बाजूला प्रिन्सिपल सर. मी उतरलो. पाय अनवाणी, अंगात बनियन, खांद्यावर झोपलेला केजीचा मुलगा, गळ्यात चार पाण्याच्या बाटल्या.

यामिनीने माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. सरांनी विचारलं की हे कोण. मला वाटलं, आता ती सांगणार आणि मग आम्हा दोघांनाही जबलपूर सोडावं लागणार.

"सर, विक्की भैया की गाड़ी के नए कंडक्टर हैं," ती शांतपणे म्हणाली. "छोटे बच्चों के लिए रखे हैं."

सर खूश झाले. असा माणूस कधीचा हवा होता म्हणाले, फक्त उद्यापासून शर्ट घाला. मी जी सर म्हणालो.

संध्याकाळी तिने सुमेधला फोन लावला. आधी बराच वेळ तिला हसण्यामुळे बोलताच येईना. मग तिने त्याला मोटरहोम पक्की करायला सांगितली. जो माणूस लोकांची इतकी पोरं न भांडता शाळेत पोचवतो, तो स्वतःची दोन सांभाळेल, असं ती म्हणाली. मी दुसऱ्या खोलीत होतो. तिला वाटलं मला ऐकू येत नाही. मला आलं, आणि त्या आनंदात मी जेवताना दोडकाही खाल्ला.

दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही निघालो. जबलपूर स्टेशनवर मुंबईची गाडी लागली होती. तिथून विमान. मी नवाकोरा कोट घातला होता, दोन हातांत दोन मोठ्या बॅगा होत्या, आणि अख्ख्या प्लॅटफॉर्मने विचारावं की कुठे निघालात, अशी माझी चाल होती. तेवढ्यात समोरून एक बाई आल्या. रिछाईच्या पहिल्या थांब्यावरच्या.

"अरे मैडम, आप कहाँ?" त्यांनी यामिनीला विचारलं.

यामिनी म्हणाली ऑस्ट्रेलिया, भावाकडे. बाईंना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी माझ्याकडे, कोटाकडे आणि बॅगांकडे पाहिलं.

"अच्छा किया मैडम, सामान के लिए भैया को बुला लिया. बड़े भले आदमी हैं." आणि मला म्हणाल्या, "भैया, सीट के नीचे ठीक से लगा देना. फिर जल्दी उतर जाना, गाड़ी चल देगी."

यामिनीने तिसरी बॅगही माझ्या खांद्याला अडकवली.

मी म्हणालो, "जी दीदी."