चौऱ्याऐंशी नंबरचं कूपन

गेल्या वर्षी नांदूरघाटच्या महिला मेळाव्यात पैठणीची चिठ्ठी एका लहान मुलीने डब्यातून काढली आणि ती मुलगी सरपंच बायनाबाईंच्या नात्यातली निघाली. त्यानंतर दोन गल्ल्यांचे बोलणे सहा महिने बंद होते. म्हणून यंदा गणिताचे शिक्षक अंगद सर स्वतःहून पुढे झाले. त्यांनी नुकतीच गणितासाठी बनवलेली एक सोपी संगणकी भाषा शिकून घेतली होती, आणि ती कुठेतरी वापरल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नव्हते.

"चिठ्ठीच नको. कॉम्प्युटर नंबर काढंल. फक्त एक फंक्शन लिहायचं," सरांनी सांगितले.

"फंक्शन तर हायेच की आपलं रविवारी," बायनाबाई म्हणाल्या. "मंडपवाल्याला सांगितलंय."

"तसं न्हाई. ह्या भाषेत फंक्शन म्हणजे कामाचं नाव. आधी नाव लिहायचं, रँडम. पुढं कंस."

"कंसाला कावून मधी आणता सर? शुभ कामात?"

सरांनी कंस म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवले. कंसात पहिला आकडा, स्वल्पविराम, मग शेवटचा आकडा. कूपने एकशेवीस, म्हणून एक ते एकशेवीस. एवढे लिहिले की त्यातला कोणताही एक आकडा समोर येणार. ना वशिला, ना नाते. घरी त्यांनी तो प्रोग्रॅम एकदा चालवून पाहिला. चौऱ्याऐंशी आले. भाषा चालते म्हणून सर खूश झाले आणि निवांत झोपले.

रविवारी दुपारी मंडप खच्चून भरला. सरांनी माईकवरून यंत्राच्या निःपक्षपातीपणावर दहा मिनिटे भाषण दिले, लॅपटॉप उघडला आणि बटण दाबले. चौऱ्याऐंशी. घरीही हेच आले होते, हे आठवून सरांना जरा गंमत वाटली.

"चौऱ्याऐंशी नंबर कुणाकडं?"

बायनाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्याच हातात ते कूपन होते.

तेवढ्यात बायकांमधून रतनबाईंचा आवाज आला. रतनबाई गेल्या निवडणुकीत बायनाबाईंकडून अकरा मतांनी पडल्या होत्या. "सेटिंग! दुसरं काय?"

"रतनबाई, यंत्राला सरपंच कोण ते कळत न्हाई," सर म्हणाले.

"मग बंद करा ते. माझ्यासमोर बंद करा, माझ्यासमोर चालू करा, अन् मग काढा."

रतनबाई टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. सरांनी प्रोग्रॅम बंद केला, नव्याने चालू केला, बटण दाबले. चौऱ्याऐंशी.

सरांच्या शर्टाची कॉलर ओली झाली. मागून कोणीतरी शिट्टी मारली. बायनाबाई मात्र लाल होऊन पुढे आल्या आणि त्यांनी आपले कूपन रतनबाईंच्या हातात कोंबले. "घे! तुझं मला दे. आता तर झालं? सर, पुन्हा बंद करा, पुन्हा चालू करा!"

सरांनी केले. चौऱ्याऐंशी.

आता मंडपच हसायला लागला. "रतनबाई, तुमची बी सेटिंग हाय का?" "दोघी मिळून हायेत बाई, वरून भांडतात!" रतनबाईंना कूपन हातात निखाऱ्यासारखे झाले. मंडपाच्या कडेला साखराबाई उभी होती. शेळ्या कोंडून यायला तिला उशीर झाला होता आणि कूपने संपल्यामुळे ती रिकाम्या हातीच होती. रतनबाईंनी ते कूपन तिच्या मुठीत दाबले. "घे बाई, मला न्हाई पायजे ही बला," असे म्हणून त्या पाठ फिरवून पार शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

आणि तेव्हा सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही भाषा आकडा ऐनवेळी निवडतच नव्हती. तिच्या पोटात आकड्यांची एक ठरलेली लांबलचक रांग होती, आणि प्रोग्रॅम नव्याने चालू केला की ती रांगेतला पहिलाच आकडा काढून देत होती. रांग दरवेळी वेगळ्या ठिकाणाहून सुरू व्हावी म्हणून आधी एक ओळ लिहायची असते. त्या ओळीला पुस्तकात 'बी' म्हटले होते. शेतकऱ्याच्या घरात जन्मून सर बी टाकायलाच विसरले होते.

त्यांनी घाईघाईने ती ओळ लिहिली. घड्याळातली वेळ बी म्हणून टाकली. "चूक सापडली! आता शेवटचं, आता एकदम खरं," त्यांनी माईकवर सांगितले आणि बटण दाबले.

बारा.

सरांचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच भांड्यासकट खाली गेला. बारा नंबर अंजूचा होता. अंजू म्हणजे त्यांची बायको.

लॅपटॉपच्या पलीकडे बायनाबाईंसकट सगळ्या बायका माना उंचावून बसल्या होत्या. सरांनी घसा खाकरला. आयुष्यात वहीत खोटे उत्तर लिहिणाऱ्याला त्यांनी कधी माफ केले नव्हते.

"चौऱ्याऐंशी," ते म्हणाले.

सगळ्यांनी बायनाबाईंकडे पाहिले. मग बायनाबाईंनी सुस्कारा सोडला. "जाऊ द्या बाई. चार चार येळा मशीन एकच म्हणतंय, तर साखराबाईचंच हाय ते." टाळ्या पडल्या. रतनबाईंनीसुद्धा वाजवल्या. साखराबाई पैठणी छातीशी धरून लॅपटॉपकडे बघत राहिली. "त्याला मी आलते हे कसं कळलं वं?"

मेळावा संपल्यावर अंजू सरांबरोबर घरी निघाली.

"खरं किती आलतं?" तिने विचारले.

"चौऱ्याऐंशीच की."

"मी तुमच्या मागंच हुबी होते."

सरांनी लॅपटॉपची पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "अगं, लोकांनी मला जित्ता सोडला नसता. अन् साखराबाईला..."

"मी काय म्हणाले का? बरं केलंत." ती थांबली. "उद्या केजला जाऊ. साडीच्या दुकानात."

"बरं."

"अन् तिथं तुमचं रँडम न्हाई. मी निवडणार."